ढमाबाईंवर हायकू

"ढमाबाईंचा
चष्मा हरवलेला —
डोक्यावरच!"

सभागृह खदखदून हसलं. हायकू वाचणारा पोस्टमन लवून नमस्कार करत खाली उतरला.

मागच्या रांगेत मास्तरीणबाई घड्याळ बघत होत्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि शिंप्याला 'मास्तर' म्हणतात, म्हणून हे नाव पडलेलं. दुकानातल्या भागीदार मैत्रिणीने त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. पेपरात रोज येणाऱ्या 'ढमाबाई' या चित्रमालिकेवर तिचा भारी जीव. वेंधळी, बडबडी ढमाबाई आणि तिच्यापुढे हात टेकलेला तिचा गरीब नवरा! आज चाहत्यांनी त्यावर विनोदी हायकू वाचायचे, ज्याला जास्त टाळ्या त्याला करंडक, आणि तो द्यायला खुद्द चित्रकार मंचावर.

"अगं, जरा हस की," मैत्रीण कुजबुजली. "दुकानातही तुझं हेच. मी वाचून दाखवायला लागले की तुझं मशीन सुरू!"

"कोटाचं अस्तर राहिलंय. निघू का मी?"

"गप बस."

बँकेतली कॅशियर माइकपुढे आली.

"फोन चालूच
दूध उतू गेलं हो —
हॅलो, बोल ना!"

पुन्हा हशा. कुणीतरी ओरडून विचारलं, "साहेब, अशी बाई खरंच असते का हो?"

चित्रकारांनी हात जोडले. "छे छे! सगळी कल्पना. खरी असती, तर मी असा धडधाकट तुमच्यापुढे बसलो असतो का?"

टाळ्या थांबेनात. "अजून कोणी?" निवेदकाने विचारलं.

मास्तरीणबाई उठल्या.

"निघालीस?" मैत्रीण हिरमुसली.

"हो," त्या म्हणाल्या, आणि थेट मंचाकडे चालू लागल्या.

त्यांनी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"दूध सांडलं
समोर बसून तो
चित्र काढतो."

मग पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह उसळलं. पोस्टमनने शिट्टी मारली. कॅशियर उठून उभी राहिली, तिच्या मागोमाग सगळेच. मैत्रीण तर खुर्चीवर चढून ओरडत होती, "आमची मास्तरीण आहे ती, आमची!"

चित्रकार पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाला तरी तो ओठांनाच लावून बसले.

निकाल विचारायची गरजच उरली नाही. चित्रकारांनी मान वर न करता करंडक पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो घेतला आणि डोक्यावर उंच धरला. टाळ्या थांबू नयेत असं वाटत होतं त्यांना. इतकी माणसं आपलं एक वाक्य ऐकून उभी राहतात!

"कमाल केलीत, बाई!" निवेदकाने माइक पुढे केला. "चाहते खूप पाहिले, पण ढमाबाई एवढी बारकाईने कुणी वाचली नसेल. किती वर्षं वाचताय?"

"एकदाही नाही वाचली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी यांची पहिली बायको."