विम्याची तालीम

१९७८ साली विम्याचे अधिकारी पगारे साहेब नव्या एजंटांना द्वारका चौकाजवळच्या आपल्या घरी जेवू घालून विमा विकायला शिकवायचे. त्यांच्या पत्नी लताबाई सरावासाठी गिऱ्हाईक व्हायच्या. कधी भांडायच्या, कधी खोटंखोटं रडायच्या. साहेब खाटेवर डोळे मिटून ऐकायचे आणि सगळं झाल्यावर चुका सांगायचे.

"गिऱ्हाईक काहीही बोलू दे, आपण थांबायचं नाही," असं त्यांनी निफाडच्या रंगनाथला बजावलं होतं.

त्या सकाळी रंगनाथ आला, तर लताबाई खाटेशी बसून रडत होत्या. "रंगनाथ, साहेब उठत नाहीत रे!"

आजची परीक्षा अवघड आहे, असं त्याला वाटलं. निजलेल्या साहेबांकडे पाहून तो हसला आणि हात जोडून सुरू झाला, "ताई, घरातला कर्ता माणूस अचानक गेला, तर मागच्यांचं काय, याचा कधी विचार केलात?"

"अरे, डॉक्टरला बोलाव!" लताबाई ओरडल्या. तो थांबला नाही. आज शाबासकी मिळणार, या आनंदात त्याने पाठ केलेलं सगळं न चुकता म्हटलं.



शेवटी लताबाईंनी त्याचा हात ओढून साहेबांच्या गार पडलेल्या कपाळावर ठेवला.