दारातली निळी गाडी

टोबायसने लाल टोपी उचलून डोक्यावर चढवली, आणि कोच ग्रेडीने खुर्चीतल्या खुर्चीत हळूच मांडी थोपटली.

ऑफिसच्या टीव्हीवर ओपल स्प्रिंगच्या शाळेचं व्यायामगृह दिसत होतं. आज सह्यांचा दिवस. टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या. पोरगा जी टोपी घालील त्या कॉलेजकडून तो फुटबॉल खेळणार, चेंडू बगलेत धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. लाल टोपी राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाची. ग्रेडीच्या केन क्रीक कॉलेजची निळी टोपी टेबलावर तशीच पडून राहिली.

"गेला हातचा," मदतनीस डब्स हळहळला. "चार ताऱ्यांचा पोरगा, कोच. इतके गुरुवार फुकट गेले."

"डोनट खा," ग्रेडी म्हणाला.

चार तारे. हसू दाबायला त्याला कॉफीचा कप तोंडाशी धरावा लागला. शाळकरी खेळाडूंना तारे वाटणाऱ्या वेबसाइटवाल्यांनी ते टोबायसच्या पायांकडे बघून दिलेच नव्हते. दिले होते ग्रेडीच्या गाडीकडे बघून.

ग्रेडीचा संघ हरायचा, पण नजर घारीची. धुळीतून पोरगा शोधावा तर त्यानेच. हे मोठ्या विद्यापीठालाही ठाऊक होतं. त्यामुळे ते स्वतः फारसे शोधत बसत नसत. ग्रेडीची गाडी कुठे थांबते एवढं बघत आणि मागून जाऊन पोरगा उचलत. मोठं मैदान, मोठं नाव, घरातल्या टीव्हीवर दर शनिवारी दर्शन. कुठला पोरगा नाही म्हणेल? दोन वर्षं ग्रेडीने दळलं आणि पीठ लाल टोपीवाल्यांनी खाल्लं. संघ आपटत राहिला. यंदा कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी त्याला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, की आणखी एक असा हंगाम आणि मग तुम्ही निवांत मासे पकडा.

तेव्हा ग्रेडीने ठरवलं, आता गाडीलाच कामाला लावायचं.

खरा पोरगा होता जेकोबी. ओपल स्प्रिंगच्या रस्त्यावर ग्रेडीने त्याला सुटलेल्या डुकरामागे धावताना पाहिलं होतं. डुक्कर वळलं की हा वळायचा, आणि वेग तसूभर कमी व्हायचा नाही. शेवटी डुक्कर बगलेत घेऊन तो कुंपणावरून पलीकडे गेला, तेव्हा ग्रेडी गाडी बाजूला घेऊन तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. खांदा दुखावल्यामुळे जेकोबी वर्षभर खेळला नव्हता. नावावर एक तारा नव्हता. ग्रेडीने फोनवर गुपचूप त्याच्याशी बोलणं पक्कं केलं आणि त्याच्या दाराकडे फिरकलासुद्धा नाही.

फिरकला तो शेजारच्या दारात. तिथे टोबायस राहायचा. त्याच शाळेच्या संघातला, अंगाने आडवा, स्वभावाने गोड आणि धावताना गाभण म्हशीसारखा. कॉलेजचं नाव रंगवलेली निळी गाडी ग्रेडी दर गुरुवारी अगदी रस्त्याकडेला लावायचा आणि टोबायसच्या आजीच्या, मिस अर्नेस्टीनच्या, ओट्यावर बसून तळलेले कॅटफिश हाणायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून पाय पसरून. तोंडी लावायला शेजारच्या पोराची चौकशी. त्याचा खांदा आता कसा आहे? त्याची आई कशाने खूश होते? दुसरं कोणी भेटायला येतं का त्याला? टोबायस बिचारा मासे चघळत सगळं सांगायचा. एका दगडात दोन पक्षी, असं मनाशी म्हणत ग्रेडी आणखी एक तुकडा घ्यायचा.

महिन्याभरात लाल टोपीवाले टोबायसच्या दारात. मग तारे.

"आता जेकोबी," डब्सने टीव्हीवरचं पुढचं नाव वाचलं. "समोर आपलीच टोपी? आपल्याकडे येतोय तो? हा कोण आहे?"

"बघ तू," ग्रेडी म्हणाला आणि कप खाली ठेवला.

जेकोबीच्या टेबलावर एकच टोपी होती, निळी. त्याने ती उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. ग्रेडीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मग जेकोबी कॅमेऱ्याकडे बघून हसला, निळी टोपी काढून अलगद टेबलावर ठेवली आणि जाकिटाच्या आतून लाल टोपी काढली. व्यायामगृह दणाणून गेलं. बाजूला बसलेल्या टोबायसने उठून त्याला मिठी मारली.

डब्सने डोनट खाली ठेवला.

ग्रेडीने कसाबसा टोबायसला फोन लावला. पलीकडे बराच वेळ गलका, मग टोबायसचा आवाज.

"बोला कोच. आजी म्हणतेय, येत जा. मासे कुठे पळून जात नाहीत."

"टोबायस, पोरा, खरं सांग. जेकोबीचं नाव त्यांच्या कानावर कोणी घातलं?"

"मीच."

"मला तोच हवाय हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की," टोबायस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "इतके गुरुवार बसलात, कोच. मी किती पळतो, किती उचलतो, एकदा तरी विचारलंत? गाडी माझ्या दारात आणि प्रश्न सगळे शेजारचे. मला पळता येत नाही, पण ऐकू येतं. एकटा गेलो असतो तर तिथे पहिल्याच दिवशी उघडा पडलो असतो. जेकोबी सोबत असला की माझ्याकडे कोण बघतंय? म्हणून त्यांना म्हटलं, तुमचे कोच ज्याच्यासाठी येतात तो हा, जेकोबीला घेणार असाल तरच मी येतो."