नवाबाची जागा

भागूबाईनं कासवाला उचललं आणि पुन्हा आपल्या दारात आणून ठेवलं. "बस की रे मुडद्या एका जागी!" ती करवादली. "तिथं कोन हाय तुझं आता?"

झड लागली होती. पाऊस धड कोसळतही नव्हता न् थांबतही नव्हता, नुसता गारठा. छावणीतल्या त्या अंगणात घरं दोनच. एक भागूबाईचं. समोरचं अमीनाबीचं, त्याला कुलूप. कासवही अमीनाबीचंच. डोंगरातलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. चाल अशी ऐटबाज, की अमीनाबीनं त्याचं नाव ठेवलं नवाब.

गेल्या साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीच्या सुमाराला अमीनाबी हैदराबादेला, नातलगांकडं निघाली. जायच्या आदल्या दिवशी भागूबाईकडून टोपलीभर भुसा मागून नेला, कपबश्या बांधायला. टांग्यात बसताना नवाबाला भागूबाईच्या ओटीत घातलं आणि घराची किल्ली तिच्या मुठीत दिली. "बारिश के पैले आ जाती मैं. अमानत है, भागू."

पाऊस आला. अमीनाबी आली नाही. पण नवाब जगला तर ती येणार, हे भागूबाईनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. येईल आणि टांग्यातून उतरायच्या आधी विचारील, माझा नवाब कुठाय? मग काय सांगायचं?

आणि नवाबाचं काही खरं दिसत नव्हतं. उन्हाळाभर मेथीच्या काड्या आणि टरबुजाच्या साली हादडणारा गडी आता पाल्याकडं बघेना. डोळे चिकटलेले, नाकाशी बुडबुडे. अंगात जरा जीव आला की एकच काम. चिखलातून सरकत समोरच्या दाराशी जायचं आणि नखं घासत बसायचं. खर्र, खर्र. मालकिणीची आठवण काढतंय बिचारं, असं वाटून भागूबाईला भडभडून यायचं. शेळ्यांच्या गोठ्यात ठेवून पाहिलं, तर तिथूनही निघालं.

कडूबा, तिचा नवरा, बाजारात दूध घालून आला. डोक्यावरची पोत्याची खोळ झटकली आणि कासवाकडं बघून हसला.

"आगं येडे, कासव म्हंजी पान्यातलं जनावर. गावच्या हिरीत सोडलेलं नव्हतं का, पानी साफ ऱ्हावं म्हून? पान्याबिगर सुकलंय ते."

भागूबाईला पटलं. हिरीतलं कासव तिनंही लहानपणापासून पाहिलेलं. कडूबानं नवाबाला उचलून अंगणातल्या हौदात सोडलं. नवाब दगडासारखा खाली गेला.

दोघं वाकून बघत राहिली. आता येईल वर, मग येईल.

"आवो, हे वर यीना की वो!"

तिनं पदर खोचला आणि खांद्यापर्यंत हात घातला. हाताला शेवाळ लागलं, मग पाठ लागली. बाहेर काढला तेव्हा त्याची मान लोंबत होती. तिनं त्याला उलटा धरला, तोंडातून पाणी गळलं. "मारलं तुमी त्याला! परक्याचा जीव मारला!" ती रडत ओरडली.

"मला काय ठावं हे कोरड्यातलं हाय म्हून," कडूबा पुटपुटला. त्याचाही चेहरा उतरला होता.

तिनं नवाबाला पदरानं पुसलं, चुलीपुढं ठेवलं आणि त्याच्याकडं टक लावून बसली. लाकडं दोनदा पुढं सारून झाली. मग एक पाय हलला. मग मान. भागूबाईनं देवाला हात जोडले.

आणि नवाब उठला, उंबऱ्यावरून गडगडला आणि पावसात निघाला. चिखल, हौद, समोरचं दार. खर्र, खर्र.

या वेळी तिनं त्याला उचललं नाही. ती नुसती बघत उभी राहिली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"डोकं फिरलं का? लोक टपूनच बसल्यात. म्हनतील, कडूबानं घर बळकावलं."

"म्हनू द्या. उद्या ती आली तर तिला काय तोंड दावू?"

कडूबानं फडताळातून किल्ली काढून दिली. कुलूप गंजलं होतं, पण निघालं. आत कोंदट, पण कोरडं. नवाब उंबऱ्याशी अडखळला, भागूबाईनं त्याला हात दिला. मग मात्र तो कुठं थांबला नाही. थेट चुलीमागच्या कोपऱ्यात गेला.

तिथं विटांचं आळं केलेलं होतं. आत वीतभर भुसा, वर गोधडीचा तुकडा. नवाब मुंडकं खुपसून आत शिरला, चांदण्या दिसेनाशा झाल्या.

"दरसाल पावसात हितंच ठिवत असंल," कडूबा म्हणाला. "बघ की, रोज सांगत व्हता आपल्याला."

भागूबाई ऐकत नव्हती. आळ्याला टेकून एक रिकामी टोपली उभी होती. कडेला लाल चिंधी बांधलेली. तिचीच टोपली. तिनं मान वर केली. फळीवर अमीनाबीच्या कपबश्या होत्या. पालथ्या, ओळीनं, सगळ्याच्या सगळ्या.

"ह्यो भुसा कपबश्यांना नेला व्हता नव्हं?" कडूबा म्हणाला. "आन् पावसाच्या आधी येते म्हनली व्हती... म्हंजी येनं व्हनार न्हाई, हे तिला तवाच ठावं व्हतं."

भागूबाईनं डोळ्याला पदर लावला. मग ती चुलीपुढं बसली आणि जुनी राख हातानं बाहेर ओढू लागली.

"कुलूप लावू ना?" त्यानं दारातून हळूच विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "घरून इस्तू आना. पाऊस हाय तवर हितली चूल रोज पेटवावी लागंल."