तळणाची वेळ

पलीकडच्या घरात भांडं आपटलं, तशी मिस्त्रींची बायको खुर्चीतून उठली आणि तिचा हात खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती. कढई कधीच माळ्यावर गेली होती.

"सुटत नाही गं तुझी खोड," मिस्त्री हसले.

ते बिटाच्या चकत्या ट्रेमध्ये मांडत होते. आयुष्य बसच्या इंजिनात डोकं घालून गेलेलं, त्यामुळे चकत्या कशा एका मापाच्या, एकीला दुसरी लागलेली नाही. सगळ्यांना मिळून चमचाभर तेल. छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी तळण बंद केलं, लेकीने ओव्हन पाठवला, आणि दोन आठवड्यांपासून स्वयंपाकघराचा हा कोपरा मिस्त्रींनी काबीज केला होता.

बायकोने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. "मुकं खाणं," ती म्हणाली होती. "ना चुर्र, ना फुर्र." तळण म्हणजे तिचा जीव की प्राण. कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला, एकदा तर सकाळी सातला तिने बटाटे तळायला घेतले होते. मिस्त्री बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसायचे, समोर आलेली बशी पुसून खायचे आणि येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "हिच्या तळणाला काळवेळ नाही."

ओव्हनचं दार त्यांनी वाफ जायला बोटभर उघडं ठेवलं होतं. पहिला ट्रे झाला. त्यांनी जाड हातमोजे चढवून तो बाहेर ओढला, आणि तेवढ्यात भिंत हादरली.

मग पट्टा. किंकाळी. पुन्हा पट्टा. मग डोकं भिंतीवर आपटल्याचा बसका आवाज. शेजारचा नवरा बाहेरगावच्या कामावरून आज सकाळीच परतला होता. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणाऱ्या माणसाला अधिक काही सांगावं लागलं नाही.

"अगं, मारतोय तो तिला!"

"नवरा-बायकोचं भांडण आहे. आपण मध्ये पडू नये." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तो उलटला म्हणजे? तुमच्या छातीला झेपणार आहे का?"

भिंतीवर पुन्हा डोकं आपटलं. या वेळी किंकाळी आली नाही. मिस्त्री तसेच निघाले. ट्रे खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

शेजारच्याने दार वीतभर उघडलं. एरवी जिन्यात भेटला की हातातली पिशवी ओढून घेणारा, गोड बोलणारा माणूस. आता उघड्या अंगावर घाम आणि मुठीत गुंडाळलेला पट्टा.

"काही नाही काका, स्टूल पडलं."

तो दार लोटू लागला. मिस्त्रींनी फटीत ट्रे घुसवला. त्याने खांदा लावून दार दाबलं. पत्रा वाकला, चकत्या उधळल्या. मिस्त्रींनी होता नव्हता तो जोर लावून ट्रे पुढे रेटला. तापलेली कड त्याच्या पोटावर बसली, कातडं चरचरलं, आणि तो गुरासारखा ओरडला. पट्ट्याचं बक्कल मिस्त्रींच्या कानशिलावर आलं. गरम रक्त मानेवर उतरलं. त्यांनी ट्रे उचलून त्याच्या मनगटावर घातला, मग आणखी एकदा, त्याच जागी. हाड मोडलं, तो आवाजही त्यांनी ओळखला. तो मनगट धरून खाली बसला. वरच्या मजल्यावरची माणसं धावत आली आणि त्यांनी त्याला दाबून धरलं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

ती भिंतीशी पडली होती. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, पण श्वास चालू होता. मिस्त्रींनी तिला आधार देऊन आपल्या स्वयंपाकघरात आणलं. त्यांच्या छातीत भाता चालला होता. चालतोय हेच खूप होतं.

बायकोने ओला कपडा तिच्या ओठांवर धरला. हलक्या हाताने ती रक्त टिपू लागली.

"कधीपासून चाललंय हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"आणि आम्ही इथे भिंतीला भिंत लावून! हाक तरी मारायचीस, पोरी."

"मारायचे की, काका. मुठींनी भिंत बडवायचे, काकूंना हाका मारायचे." ओठ दुखत असतानाही ती थोडी हसली आणि तिने काकूंचा हात थोपटला. "त्यांचा काय दोष? माझंच नशीब फुटकं. मी भिंत बडवायला लागले, की नेमकं तेव्हाच यांचं तळण सुरू व्हायचं."

ओला कपडा हलायचा थांबला. बायकोने मान वर केली नाही. आणि चार वर्षं बशा पुसून खात आलेल्या मिस्त्रींना बायकोच्या तळणाची वेळ आज कळली.