मागणी

"इथल्याच कॉलेजात नाव घातलं," लेक म्हणाली आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी तिने पिशवी टेकवली. "साधं बी.ए. अर्थशास्त्र. गणित नाही."

आईच्या हातातली इस्त्री कॉलरवरच थांबली. जळका वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर तांबूस डाग उठला होता.

"आणि ते बाहेरगावचं?"

तिथे गणितासकट अर्थशास्त्राला लेकीचा नंबर लागला होता. पोर गणिताची वेडी. शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर उदाहरणं सोडवायची, आणि ते पुठ्ठे शर्टांबरोबर लोकांच्या घरी जायचे. एकाने तर परत येऊन विचारलं होतं, एवढा हिशेब माझ्या नावावर कसला निघाला म्हणून.

"त्याची मुदत काल संपली."

"संपली, का संपू दिलीस?"

"तू एकटी पडली असतीस," लेक म्हणाली. "कोण आहे तुला इथे?"

आईने समोर पाहिलं. रस्त्यापलीकडचं घड्याळवाल्याचं दुकान तीन-चार महिने बंद होतं. शटरवर कुणी शिकवणीची जाहिरातही चिकटवून गेलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मोजकं बोलणारा माणूस. एका संध्याकाळी शर्ट न्यायला आला आणि शर्ट हातात धरूनच त्याने तिला मागणी घातली. "मुलगी शिकायला गेली की घर खायला उठेल तुम्हाला," म्हणाला. "मला तर रोजच उठतं."

तिला हो म्हणायचं होतं. पण ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "आधी तिचं मार्गी लागू दे, तोवर हा विषय नको," असं ती म्हणाली. त्याने मान हलवली, आणि आठवड्याभरात दुकान आवरून तो भावाच्या गावी निघून गेला. लेकीला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. आता सांगून तरी काय उपयोग? आईचा जीव नुसता तुटत होता.

ओलं फडकं घेऊन ती डाग पुसत बसली. डाग निघण्यातला नव्हता.

"काय शिकवतात गं त्यात?" तिने विचारलं.

"मागणी आणि पुरवठा. सगळं त्यावरच चालतं."

"मागणी एकदा नाकारली, तर परत येते?"

लेकीला बरं वाटलं. आईला रागवायचं नव्हतं तर. "भाव पडला की येते," ती हसून म्हणाली.

"आणि समोरचं दुकानच बंद झालं असेल तर?"

लेकीने खरंच विचार केला. पुठ्ठ्यावरच्या उदाहरणाचा करायची तसा.

"एवढं अवघड त्या तिकडच्या कोर्सला असेल, आई," ती म्हणाली. "आपल्याला नाही ते."