दहाव्याचा शॉट

"गुरुजी, एवढासाच तर आहे," विहंग म्हणाला आणि कॅमेरा आणखी लहान दिसावा म्हणून त्याच्यापुढे आडवा उभा राहिला.

दर्भाची जुडी सोडता सोडता गोविंद गुरुजींनी वर पाहिलं. "दहाव्याला फोटो?"

"घरच्यांसाठी. सगळ्यांना येता नाही आलं."

"काढा बाबा. हल्ली कशाचेही काढतात. त्या पायरीवर ठेवा. आणि मध्येच उठायचं नाही."

विहंगनं मान हलवली. त्याचे कान तापले होते. न्हाव्यानं नुकतंच डोकं आणि मिशी उतरवली होती, त्यामुळे चेहऱ्यावरची लाज लपवायला केसही उरले नव्हते.

कॅमेरा त्यानं विचार करून निवडला होता. इंदिरानगरच्या खोलीवर शौनकबरोबर आठवडाभर काथ्याकूट चालला होता. शौनक लग्नांचे व्हिडिओ करायचा, त्याच्याकडे मोठा सिनेकॅमेराही होता. पण तो रामकुंडावर मांडला असता तर शंभर माणसं जमली असती आणि त्यातल्या दहांनी परवानगी विचारली असती. त्यापेक्षा जुना डीएसएलआर बरा. बघणाऱ्याला वाटतं, फोटो काढतोय.

"पन्नासची लेन्स घे," शौनक म्हणाला होता. "तू स्पष्ट, मागची गर्दी धूसर. फोकस चेहऱ्यावर लावून ठेव, तू हललास तरी कॅमेरा तुला सोडणार नाही. फक्त मान खाली घालू नकोस. चेहरा दिसेनासा झाला की तो दुसरा शोधतो." लेन्स हातात देताना तो थांबला. "खरं सांगू? मला नसतं जमलं हे."

ते वाक्य विहंगला लागलं होतं. पण गेल्या वर्षी त्याची शॉर्ट फिल्म पहिल्याच फेरीत बाद झाली होती. परीक्षकांनी भर सभागृहात एका शब्दात निकाल लावला होता : नाटकी. स्पर्धा पंचविशीच्या आतल्यांची होती, म्हणजे यंदाची संधी शेवटची. त्याला एकच शॉट हवा होता. पिंडाला कावळा शिवतो आणि मुलाचा चेहरा सैल पडतो. अगदी खराखुरा.

सकाळी सहालाच नामपूरहून छायाचा फोन आला होता. छाया त्याची धाकटी बहीण.

"भाऊ, रामकुंडावर एकटाच जाशी का? घरनं कोणी येऊ दे ना. ऊन बी लय शे."

"कोणी नको. माझं मी उरकतो," त्यानं तोडून टाकलं होतं. मनाला लाज वाटत असली की माणूस घरच्यांशीच जास्त तुसडेपणा करतो.

त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, स्क्रीन आत वळवून मिटला आणि पाटावर येऊन बसला. हा कॅमेरा एका दमात अर्धा तास घ्यायचा, मग आपोआप थांबायचा. कावळ्यानं तेवढ्यात यायला हवं होतं.

"वडिलांचं नाव?"

"चिमाजी झुंबर अहिरे. नामपूर."

गुरुजींचा आवाज खणखणीत. त्यांनी संकल्पात नाव उच्चारलं ते चार पायऱ्या पलीकडेही ऐकू गेलं असेल. विहंगला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण पाटासकट आत जावं. बापाच्या नावानं पिंड मांडायचा आणि चित्त सगळं कॅमेऱ्यात! पण तो उठला नाही. तेवढा चांगुलपणा त्याच्यात असता तर तो इथवर आलाच नसता.

ऊन टकलावर चटचटत होतं. मध्येच अंगावर सावली आली. मागून कुणीतरी छत्री धरली होती. चेहऱ्यावर अंधार म्हणजे शॉट वाया. मागे न बघताच विहंगनं माशी हाकलावी तसा हात झटकला.

"बाजूला व्हा हो! ऊन चालतंय मला."

सावली मुकाट्यानं मागे सरली.

पिंड हातभर अंतरावर ठेवला होता. तारेवर सात-आठ कावळे बसले होते. एकही खाली उतरेना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

"काही इच्छा राहिली होती का त्यांची?" गुरुजींनी हळूच विचारलं. "शब्द द्या. मोठ्यानं बोला."

विहंगनं हात जोडले. वाक्यं त्यानं आधीच लिहून पाठ केली होती.

"अण्णा, मी सिनेमाच्या नादानं घर सोडलं, तरी तुम्ही कधी रागावला नाहीत. माझं चुकलं. मी घरी येईन..."

पुढचं वाक्य पाठ होतं, पण आवाजच फुटला. मान खाली गेली ती वर येईना. शौनकनं बजावलेलं आठवलं, तरीही येईना.

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले. "मन कुठंतरी गुंतलेलं असतं."

गुरुजींना नमस्कार करताना विहंगला त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. कॅमेरा उचलून तो सावलीच्या पायरीवर बसला आणि त्यानं स्क्रीन उघडला.

चित्र सुरेख आलं होतं. त्याचा चेहरा लख्ख, मागची माणसं नुसते रंगांचे डाग. सावली पडली. त्याचा हात झटकला गेला. मागचा एक पांढरा डाग दोन पावलं मागे सरकला आणि तिथंच थांबला. मग त्याचे जोडलेले हात, ती वाक्यं, फुटलेला आवाज. मान खाली गेली. समोरचा चेहरा हरवल्यावर कॅमेरा क्षणभर चाचपडला आणि त्यानं मागचा चेहरा पकडला. डाग आकसत आकसत स्पष्ट झाला.

डोक्यावरची टोपी हातात घेऊन, मिटलेली छत्री काखेत धरून, चिमाजी झुंबर अहिरे स्वतःच्या पिंडाला हात जोडत होते.