न्याउई

पडद्यावर चौथ्यांदा तेच उमटलं. 'आनोस' हे मॉड्यूल सापडत नाही. नेलिदाने कपाळाला हात लावला. सोमवारी संगणकावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती घातल्यापासून मृतांची ओळख पटल्याचे दाखले छापणारा प्रोग्रॅम अडून बसला होता. आणि समोरच्या बाकावर तेओफिला न्याउई बसली होती, भाऊ फोर्तुनातोच्या हाडांची पांढरी पेटी शेजारी घेऊन. दाखल्याशिवाय गावच्या दफनभूमीत पेटीला जागा नव्हती आणि गावची गाडी अकराला सुटत होती.

"सापडेना का गं?" म्हातारीने विचारलं.

"सापडेल, आजी."

"छत्तीस वर्षं हेच ऐकतेय मी."

नेलिदाने फायलींची यादी पुन्हा वाचली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. 'न'च्या डोक्यावर रेघ दिली की होणारं स्पॅनिशमधलं 'न्य' हे अक्षर जुन्या पायथनला नावात चालत नसे. म्हणून आधीच्या माणसाने वर्षांच्या फाइलला 'आन्योस' न म्हणता 'आनोस' म्हटलं होतं. आन्योस म्हणजे वर्षं, पण आनोस म्हणजे चक्क ढुंगणं. ऑफिसात त्यावरून खिदळणं चालायचं. नव्या पायथनला ते अक्षर चालतं म्हटल्यावर नेलिदाने फाइलचं नाव तेवढं सभ्य करून टाकलं. प्रोग्रॅम बिचारा अजून जुन्याच नावाने हाका मारत होता.

तिने ती ओळ सुधारली. प्रोग्रॅम चालला, प्रिंटर कुरकुरला, दाखला बाहेर आला. तिने तो दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरला.

"घ्या आजी. गाडी मिळेल आता."

तेओफिलाला वाचता येत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत अर्जांवर सह्या करून करून आडनाव तेवढं ओळखू यायचं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे नाउई लिहिलंय."

नेलिदाचा चेहरा उतरला. जुन्या नोंदींतही ते अक्षर नव्हतंच. पुन्हा सगळं करायचं म्हणजे दुपार उजाडणार.

"एक रेघ राहिलीय फक्त, आजी. तुम्हाला कोणी अडवणार नाही."

तेओफिलाने कागद शांतपणे परत सरकवला.

"त्याला उचलायला आलेल्या सैनिकांच्या यादीतही नाउईच होतं. फोर्तुनातो सांगत होता, साहेब, मी नाउई नाही, न्याउई आहे. ते म्हणाले, एका रेघेनं काय होतंय? चल."